मुख्य थ्रेड अडवू नका : कोरुटीनची ओळख



बारामती-इंदापूर भागात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची मुलं आपल्या शाळांत येतात, ती काही महिन्यांपुरतीच. त्यातली कितीतरी मुलं टॅब पहिल्यांदाच हातात घेतात. स्क्रीन अडकली की लगेच हात मागे घेतात आणि विचारतात, "सर, माझ्यामुळं बिघडलं का?" वर्गासाठी स्वतः अ‍ॅप बनवणाऱ्यांनी म्हणूनच हा पाठ नीट समजून घ्यावा.

अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये स्क्रीन रंगवणे आणि बोटाचा स्पर्श ओळखणे ही कामे एकच मुख्य थ्रेड करतो. एकशिक्षकी शाळाच समजा! गुरुजी पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घ्यायला गेले की वर्ग थांबला. तसंच या थ्रेडला मोठी फाइल वाचायला बसवलं की स्क्रीन थांबते. साधारण 5 सेकंद स्पर्शाला उत्तर मिळालं नाही, तर अ‍ॅप प्रतिसाद देत नाही, असा संदेश येतो.

यावर उपाय म्हणजे कोरुटीन. मेल्विन कॉनवे यांनी 1963 च्या लेखात मांडलेली ही कल्पना कोटलिन भाषेत 2018 मध्ये, 1.3 आवृत्तीत, पक्की झाली. 'सस्पेंड' म्हटलं की आपल्याला निलंबन आठवतं! इथे अर्थ वेगळा आहे. काम खूण घालून बाजूला ठेवायचं, थ्रेड मोकळा करायचा आणि उत्तर आलं की खुणेपासून पुढे चालू करायचं.

तीन गोष्टी लक्षात ठेवा :

1. 'व्ह्यूमॉडेलस्कोप'मध्ये नुसतं 'लाँच' लिहून भागत नाही. ते काम मुख्य थ्रेडवरच सुरू होतं. फाइलचं काम 'विथकॉन्टेक्स्ट' वापरून 'डिस्पॅचर्स.आयओ'वर पाठवा, मोठी आकडेमोड 'डिस्पॅचर्स.डिफॉल्ट'वर.

2. मुख्य थ्रेडवर 'रनब्लॉकिंग' नको. नावातच अडवणं आहे.

3. 'ग्लोबलस्कोप' टाळा. शाळा सुटली तरी खडू आणायला पाठवलेला मुलगा फिरतोच आहे, असा तो प्रकार. व्ह्यूमॉडेल संपलं की त्याच्या स्कोपमधली कामंही रद्द होतात, हे बरं.

फाइल उघडेपर्यंत गोल चक्र फिरू द्या, 'थांब, आणतोय' एवढं लिहा. हंगाम संपला की ते मूल पुढच्या गावी जाईल. जाताना 'मला टॅब चालवता येतो' एवढं तरी सोबत नेईल ना?