वीस अक्षरांचा मंत्र आणि मामाची वही

१/ दस्तऐवजाची नक्कल करताना एक अक्षर चुकले तर काय अनर्थ होतो, हे इतिहासाच्या वर्गात आपण सारेच शिकतो. मला त्याचा खरा अर्थ कळला तो १९८६ सालच्या एका व्हिडिओ गेममुळे. आजचा थ्रेड त्या खेळाविषयी, आणि थोडा माझ्या मामाविषयी.

२/ मामा १९८७ ते १९८९ अशी दोन वर्षे कंपनीच्या प्रशिक्षणासाठी नागोयात होता. तो गेल्यानंतर आजोळच्या ट्रंकेत निन्तेन्दोचा लाल-पांढरा ‘फॅमिकॉम’, एक कॅसेट आणि एक शंभर पानी वही सापडली. वहीत जपानी हिरागाना अक्षरांच्या ओळी आणि प्रत्येकीखाली मराठीत तारीख. आईने वही चाळली आणि बाजूला ठेवली. त्या दोन वर्षांत मामाची पत्रे मोजकीच आली होती. “तिकडे रमला, आम्हाला विसरला,” ही तिची जुनी तक्रार.

३/ कॅसेट होती ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची. हा खेळ २७ मे १९८६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. रचना युजी होरी यांची, चित्रे ‘ड्रॅगन बॉल’कार अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे अमेरिकी खेळ तोवर संगणकापुरते होते. होरींनी एकाकडून नकाशावरची भटकंती घेतली, दुसऱ्याकडून समोरासमोरची लढाई, आणि दोन्ही घरातल्या टीव्हीवर आणले. जपानी रोल-प्लेइंग गेमचा साचा घडला तो येथे.

४/ हा सारा संसार अवघ्या ६४ किलोबाइटमध्ये मावलेला आहे. आज मोबाइलवरचे एखादे छायाचित्रही याहून मोठे असते. जागा वाचवण्यासाठी काताकाना लिपीतली जेमतेम वीसेक अक्षरे ठेवली गेली. राक्षसांची आणि मंत्रांची नावे त्यांतूनच जुळवावी लागली. नायकाची पाठ दाखवणारी चित्रेही नाहीत. तो कोणत्याही दिशेला चालला तरी तोंड आपल्याकडेच!

५/ कथा साधी आहे. र्यूओ नावाच्या नागराजाने प्रकाशाचा गोल पळवला आहे, तो परत आणायचा. खेळ सुरू होताच पाण्यापलीकडे त्याचा किल्ला दिसतो. अंतर हाकेचे; मात्र तेथे पोहोचायला सारा मुलूख पालथा घालावा लागतो.

६/ आता मुख्य मुद्दा. या कॅसेटमध्ये खेळ जतन करण्याची सोयच नव्हती. राजा आपल्याला वीस अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगतो. नायकाचे नाव, अनुभव, सोने, शस्त्रे हे सारे त्यात सांकेतिक रूपाने गुंफलेले असते. पडद्यावर तो ५-७-५-३ अशा तुकड्यांत येतो, म्हणजे हायकूची चाल आणि वर तीन अक्षरे. बाशोचे बेडकावरचे प्रसिद्ध हायकू आणि शेवटी योग्य ती तीन अक्षरे टाकली, तर खेळ तेही मंत्र म्हणून स्वीकारतो.

७/ मंत्र कागदावर उतरवायचा हातानेच. अस्पष्ट पडद्यावर ‘का’ आणि ‘गा’ यांत फरक दोन ठिपक्यांचा. ‘नु’ आणि ‘मे’ सख्ख्या बहिणी. एक अक्षर चुकले की “मंत्र चुकीचा आहे” एवढेच उत्तर, आणि कित्येक दिवसांची मेहनत वाया. जपानमधल्या एका पिढीचे हे सामायिक दुःख आहे.

८/ यंत्र जपानच्या १०० व्होल्टचे, आणि त्याचा सिग्नल आपल्या टीव्हीला पकडता येईना. ट्रान्सफॉर्मर आणला, एका कारागिराकडून एव्ही वायर जोडून घेतली. मग वहीतला शेवटचा मंत्र टाकला. नाकारला गेला.

९/ येथे अभ्यासक्रम कामी आला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, ती हस्तलिखितांतले पाठभेद ताडून पाहत. माझ्याकडे हस्तलिखित एकच होते. पण लेखनिकाचा हात ओळखता येत होता. वहीभर पाहिले, तर मामा घाईत ठिपके गाळतो आणि ‘नु’चे शेपूट विसरतो. चार अक्षरे संशयास्पद ठरली. प्रत्येकाचे दोन पाठ, म्हणजे १६ शक्यता. बाराव्या प्रयत्नाला दरबार उघडला.

१०/ राजाने नायकाला नावाने हाक मारली. नाव दोन अक्षरांचे : ‘मि-ना’. माझ्या आईचे नाव मीना.

११/ पण थांबा. जपानीत ‘मिना’ म्हणजे ‘सगळे’ असाही अर्थ होतो. शिवाय दीर्घ स्वराची खूण मामाने दिलेली नव्हती. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. तेथेही ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. दोन अक्षरांवरून माणसाचे मन वाचणे धोक्याचे, हे मी आईला सांगितले.

१२/ ती उठली आणि कपाटातून ती मोजकी पत्रे घेऊन आली. प्रत्येकाचा मायना एकच : ‘चि. मिना हीस’. “दीर्घ वेलांटी त्याने माझ्या नावाला जन्मात दिली नाही,” ती म्हणाली. मग बराच वेळ पत्रे वाचत बसली.

१३/ हा निर्णायक पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पत्रे मोजकी होती, ही वस्तुस्थितीही बदलत नाही. पण एका साधनावरून काढलेला निष्कर्ष दुसरे साधन हाती येताच पुन्हा तपासायचा असतो, आणि आईने तो तपासला.

१४/ हल्ली रविवारी आम्ही दोघी खेळतो. र्यूओचा किल्ला अजून पाण्यापलीकडेच आहे. राजाने दिलेला नवा मंत्र आई त्याच वहीत उतरवते, आणि ठिपके दोनदा ताडून पाहते.

तुमच्या घरातल्या जुन्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा.

थ्रेड समाप्त.