तलावाचा सांडवा आणि आमच्या दोन बांध्या

आज तुडतुड्यावर नाही लिहीत. मांगच्या महिन्यात गावात आराखड्याची बैठक झाली, तिच्याबद्दल लिहितो. थोडं घरचंही आहे त्यात.

आपला भंडारा जिल्हा पोकराच्या, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात आला. पहिला टप्पा २०१८ पासून मराठवाडा, वऱ्हाडाकडे होता. मला वाटे, हवामान बदल तिकडचा. आपल्याकडे तर साधारण १३०० मिलिमीटर पाऊस, आपल्याला काय कमी? पण तुम्हीही पाहता, पाऊस तेवढाच पडला तरी वेळेवर पडत नाही. पऱ्हे टाकले की खंड पडते. रोवणी लांबते, पऱ्हे बुढे होतात. आणि धान कापून कडपा पडल्या की नेमका पाऊस येतो. २०२० च्या ऑगस्टअखेरचा वैनगंगेचा पूर तर कोणी विसरला नसेल.

बैठकीच्या आधी शिवारफेरी झाली. मंदिरासमोर बायांनी रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. मग पाण्याचे जाणकार साहेब होते, त्यांनी ताळेबंद मांडला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. १३०० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी एक कोटी तीस लाख लिटर! त्यातलं वाहून किती जाते, मुरते किती, तलावात थांबते किती, आणि पिकं, माणसं, जनावरं मिळून खर्च किती. घरच्या हिशेबासारखंच. दहावी शिकलेल्या माणसाला सहज समजलं.

पण एक गोष्ट जुळेना. साहेब म्हणाले, "कागदावर तुमच्या तलावाचं पाणी शेवटपर्यंत पुरतं. मग धान निसवताना बांध्या कोरड्या का पडतात?"

सगळे चूप. मी पण चूप. मले माहीत होतं.

ढिवर समाजाचे एक आजा मागं बसले होते. जन्म तलावावर गेला त्यांचा. ते म्हणाले, "साहेब, कागदात हाय तेवढा तलाव आता भरतच नाही जी. सांडवा दोन हात खाली हाय." एवढंच बोलले. नाव कोणाचं घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याचीच जास्त लाज वाटली.

आमचा तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी लोकांच्या हातचं काम. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे. पाळ कोणी पाहायची, तुडूम कोणी दुरुस्त करायचा, हे गावातही कोणाचं राहिलं नाही. त्याच दिवसांत आमच्या बाबानं आणि आणखी दोघांनी तलावाच्या पोटात बांध्या काढल्या. त्या बुडू नये म्हणून सांडवा फोडून खाली केला. त्या बांध्यांचा भात खाऊनच मी मोठा झालो.

मी उठलो आणि सांगितलं, "ते आमच्या बाबानं केलं. आता त्या बांध्या मीच करतो."

कोणी भांडलं नाही. साहेबानंही रागावून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र लावून लेव्हल घेतली. आजानं जुन्या सांडव्याचा दगड दाखवला. मला वाटलं, तिथवर बांधून टाका, झालं. साहेब म्हणाले, नाही. आता एकाच दिवसात खूप पाऊस पडून जातो. नुसता सांडवा उंच केला तर पाणी पाळीवरून जाईल आणि पाळ फुटेल. आधी तुडुमाजवळची गळती बंद करा, पाळ मजबूत करा, मग सांडवा उंच करा आणि रुंदही करा. हे आजालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. आणि सांडवा फोडल्याचं साहेबाच्या कागदाला माहीत नव्हतं. दोघं एका पाळीवर उभे राहिले तेव्हा हिशेब जुळला.

आराखड्यात ते काम घेतलं. बचत गटाच्या बायांनी आणखी एक लिहून घेतलं : तलावाच्या पाण्यावर उन्हाळी धान नाही, ते पाणी जनावरं आणि मासोळीसाठी राहील. मी दरसाल अर्धा एकर उन्हाळी लावतो, म्हणजे तेही गेलं.

सांडवा उंच झाला की आमच्या दोन्ही बांध्यांचं खरीप बुडणार. पाणी उतरल्यावर लाखोरी, हरभरा टाकता येईल, पण धानाची बरोबरी होत नाही. लहान भाऊ अजून तयार नाही. म्हणतो, "दादा, गावाचं भलं आपल्याच बांधीतून काऊन?" त्याचंही चुकीचं नाही. त्याले दोन पोरी शिकवायच्या आहेत. रोज रात्री बोलणं होते. काम अजून कागदावरच आहे, मंजुरी येईल तेव्हा खरं.

तुमच्या गावात अशी बैठक लागली तर जा मंडळी. सही करून चहा पिऊन येऊ नका. साहेबाजवळ मोजमाप असते, पण तलाव कोणी फोडला ते आपल्यालाच माहीत असते. ते सांगितलं नाही तर आराखडा चुकीच्या तलावाचा होते. आणि जाताना गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या ढिवराला सोबत न्या.

उद्या खालच्या बांधीत खत टाकायचं आहे. त्याचं परवा लिहितो.