धुक्यामागचा हात

शैली हा कलाकृतीवर बाहेरून चढविलेला साज नव्हे, हे साहित्यसमीक्षेत आता नव्याने सांगावे लागत नाही. ॲनिमेशनपटाच्या संदर्भात मात्र शैली म्हणजे रेषेची लकब किंवा पात्रांची ठरावीक चेहरेपट्टी, हा समज अजून दृढ आहे. रशियन ॲनिमेशनकार युरी नोर्श्टेइन यांची निर्मिती हा समज पारखून घ्यायला लावते.

नोर्श्टेइन यांचा जन्म १९४१ चा, ऐन युद्धातला. बालपण मॉस्कोतील मारिना रोश्चा या वस्तीत, अनेक कुटुंबे एकत्र नांदणाऱ्या घरात गेले. १९७९ च्या ‘गोष्टींची गोष्ट’ या सुमारे अर्ध्या तासाच्या चित्रपटात असेच एक जुने घर आहे. दिव्याखाली जोडपी नाचत असतात. एकेक पुरुष नाहीसा होतो आणि स्त्रिया रिकाम्या मिठीत थबकतात. रणांगण कोठेही दिसत नाही. त्याने मागे ठेवलेली पोकळी तेवढी दिसते. स्मृती येथे केवळ विषय राहिलेली नाही, ती रचनेचे तत्त्व झाली आहे. प्रसंग कार्यकारणभावाने जोडलेले नाहीत. आठवणीतून आठवण निघावी तसे ते येतात.

परंतु स्मृती अनेकांपाशी असते. तिला रूप देते ते साधन. कापलेल्या चित्रांचे सुटे तुकडे कॅमेऱ्याखाली किंचित किंचित सरकवीत चौकटीमागून चौकट टिपायची, ही नोर्श्टेइन यांची पद्धत. काचेचे अनेक थर एकाखाली एक मांडून त्यांनी या सपाट चित्रांना खोली दिली. साळिंदराहून कितीतरी लहान अशा काटेरी प्राण्याची कथा सांगणाऱ्या १९७५ च्या ‘धुक्यातील हेजहॉग’मधले दाट धुके हा वस्तुतः एक तलम कागद आहे. तो पात्रावर ठेवून हळूहळू कॅमेऱ्याकडे उचलला की आकृती विरत जाते. प्रेक्षकाला जे गूढ वाटते ते हाताच्या संयमातून सिद्ध झालेले असते.

हा हातही एकट्याचा नाही. चित्रे पत्नी फ्रान्चेस्का यार्बुसोवा यांची, ‘गोष्टींची गोष्ट’च्या पटकथेत लेखिका ल्युदमिला पेत्रुशेव्हस्काया यांचा सहभाग, शिवाय आयझेनस्टाइन यांच्या लेखनाचा संस्कार. ज्याला व्यक्तिगत शैली म्हटले जाते, ती अशी अनेकांच्या सहवासात घडते. त्यातले काय स्वीकारायचे आणि काय नाकारायचे, हा निर्णय मात्र व्यक्तीचा असतो.

त्या निर्णयाचे मोल द्यावे लागते. १९८१ मध्ये नोर्श्टेइन यांनी गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या कथेवरील चित्रपट हाती घेतला. संथ गतीमुळे त्याच दशकात त्यांना सोयुझमुल्तफिल्म हा स्टुडिओ सोडावा लागला आणि चाळीस वर्षे उलटूनही चित्रपट पूर्ण झाला नाही. याला निष्ठा म्हणून गौरविणे सोपे आहे, हट्ट म्हणून निकालात काढणे त्याहून सोपे. बाशोच्या काव्यावर आधारलेल्या २००३ च्या जपानी सामूहिक चित्रपटातील आपला छोटा भाग त्यांनी पूर्ण केला होता. तेव्हा प्रश्न केवळ क्षमतेचा नाही. गोगोलचा नायक साधा नकलनवीस. कागदावर अक्षरे उतरविण्यातच त्याचे सारे सुख सामावलेले. अशा माणसाची कथा घाईने सांगितली, तर ती त्याची राहत नाही. ज्या संयमाने धुके उभे केले, त्याच संयमाने हा चित्रपट अडविला आहे. शैली कलावंताला सामर्थ्य देते तशी मर्यादाही घालते आणि ही दोन्ही एकाच मुळातून उगवतात.