टपालाने येणारी डीव्हीडी

डीव्हीडी टपालाने भाड्याने देण्याची पद्धत अमेरिकेत रुजवली ती नेटफ्लिक्सने. ही सेवा १९९८ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मासिक वर्गणीवर आली. सभासदाने संकेतस्थळावर हव्या त्या चित्रपटांची यादी करून ठेवायची. त्यातले वरचे दोन-तीन पाकिटातून घरी येत, पाहून झाले की तिकीट न लावता त्याच पाकिटातून परत टाकायचे, मग यादीतला पुढचा निघे. उशिराचा दंड नव्हता. पुढे ब्लॉकबस्टरसह इतर कंपन्याही याच धंद्यात उतरल्या.

या व्यवस्थेचे खरे बळ कायद्यात होते. अमेरिकेत विकत घेतलेली डिस्क भाड्याने द्यायला निर्मात्याची परवानगी लागत नाही. त्यामुळे जे बाजारात विकत मिळे, ते भांडारात ठेवता येई. प्रस्तुत लेखक त्या काळात न्यू जर्सीत राहत असे. हिंदी चित्रपटांसाठी एडिसनच्या ओक ट्री रोडवरची देशी दुकाने होती. कुरोसावा, बर्गमन आणि सत्यजित राय मात्र पाकिटातून येत, आणि बहुतेक वेळा मागणी केल्यापासून दोन दिवसांत.

२००७ मध्ये नेटफ्लिक्सने चित्रपट थेट इंटरनेटवरून दाखवायला सुरुवात केली. इथे विकत घेतलेली प्रत चालत नाही, प्रत्येक चित्रपटाच्या हक्कासाठी ठरावीक मुदतीचा करार करावा लागतो. साहजिकच सुरुवातीचा संग्रह तुटपुंजा होता. तरी पैसा आणि लक्ष तिकडे वळले. जुलै २०११ मध्ये कंपनीने दोन्ही सेवांची एकत्रित दहा डॉलरची योजना मोडून प्रत्येकीला सुमारे आठ डॉलर लावले, सप्टेंबरमध्ये डीव्हीडीचा विभाग ‘क्विकस्टर’ या नावाने वेगळा काढण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरमध्ये ती मागे घेतली. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत अमेरिकेतले आठ लाख सभासद गळाले. दाराशी येणाऱ्या पाकिटाबद्दल कंपनीला आता काय वाटते, हे एवढ्यावरून कळण्यासारखे होते.

या धंद्यात दर्जा एका दिवसात घसरत नाही, घरातल्या गळक्या छपरासारखा तो थेंबाथेंबाने जातो. लेखक सभासद असलेल्या सेवेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. डिस्क हाताळली जाते तशी तिच्यावर ओरखडे येतात; पूर्वी तक्रार करताच दुसरी प्रत निघे, नंतर दुसरीही तशीच निघू लागली, कारण नव्या प्रती घेणे थांबले होते. चित्र ऐन शेवटाजवळ चौकटी-चौकटींत फुटे आणि ठप्प होई. मालिकांचे हाल अधिक. एखाद्या मालिकेच्या सहा डिस्कपैकी तिसरी हरवली की ती परत कधी येत नसे. उरलेल्या पाच मात्र यादीत दिमाखात उभ्या. जुन्या चित्रपटांसमोर ‘फार लांब प्रतीक्षा’ असा शेरा दिसे, पुढे ते चित्रपट यादीच्या तळाशी ‘जतन केलेले’ या सदरात जात. म्हणजे मिळणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

वेगही मंदावला. सभासद घटले तशी वितरण केंद्रे बंद होत गेली आणि पाकिटाला दूरचा पल्ला पडू लागला. नेटफ्लिक्सने २०१४ मध्ये शनिवारचे काम थांबवले. अमेरिकी टपाल खात्यानेही २०१५ मध्ये जवळच्या पत्त्यांवर दुसऱ्याच दिवशी पत्र पोहोचवण्याचे मानक सोडून दिले. वर्गणी तीच, पण महिन्याला हाती येणाऱ्या डिस्क कमी. सभासद कमी म्हणून खरेदी कमी, खरेदी कमी म्हणून आणखी सभासद कमी, असे हे चक्र होते. प्रेक्षकांनीच डीव्हीडी नाकारली असे म्हटले जाते ते अर्धेच खरे. राहिलेल्यांना टिकवण्याचा खर्च कोणाला करायचा नव्हता.

नेटफ्लिक्सने शेवटची डिस्क २९ सप्टेंबर २०२३ रोजी पाठवली. पंचवीस वर्षांत ५२० कोटींहून अधिक डिस्क पाठवून झाल्या होत्या. शेवटच्या सभासदांना घरी असलेल्या डिस्क ठेवून घेण्याची मुभा मिळाली. सिएटलचे ‘स्केअरक्रो व्हिडिओ’ हे ना-नफा तत्त्वावर चालणारे भांडार अजून टपालाने डिस्क पाठवते, पण असे अपवाद थोडे. ज्यांना एखादा जुना चित्रपट पुन्हा पाहावासा वाटेल याची खात्री आहे, त्यांनी त्याची डिस्क बाजारात आहे तोवर विकत घेऊन ठेवावी.