वारी सरल्यावरचे पंढरपूर

पंढरपूरला जायचे ते वारीला, हे आपल्याकडे ठरूनच गेलेले आहे. मी मात्र बरीच वर्षे वारी सरल्यावर जातो. यामागे काही मोठा विचार आहे असे नाही. आषाढात आमच्या शेतीखात्याच्या माणसाला रजा मागायला तोंड नसते. कुठे पेरणी चालू, कुठे दुबार पेरणीची भीती, कुठे बियाण्याची तक्रार. तेव्हा पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होतो, पालख्या परतीच्या वाटेला लागतात, आणि मग दोन-तीन दिवसांनी मी पिशवी उचलून एस.टी.त बसतो.

लहानपणी आजीबरोबर कुर्डुवाडीहून बार्शी लाइटच्या चिमुकल्या गाडीने आलो होतो. ती गाडी इतकी सावकाश चाले, की पोरे उतरून बोरे तोडून पुन्हा चढत, असे आजी सांगायची. आता रूळ रुंद झाले, गाडीही मोठी झाली. पण स्टेशनवरून गावात शिरताना येणारा वास अजून तोच आहे. बुक्का, उदबत्ती, ओली माती आणि भट्टीवरच्या चुरमुऱ्यांचा खमंग वास, सगळे एकात एक मिसळलेले.

वारी सरल्यावर हे गाव बाळंतिणीसारखे दिसते. थकलेले, पण तोंडावर समाधान. प्रदक्षिणा मार्गावर दुकानांपुढचे मांडव उतरवणे चाललेले असते. कुणी ताडपत्रीच्या घड्या घालतो, कुणी दुकानातच पोत्यावर आडवा झालेला असतो. पितळी परातींतल्या कुंकवाच्या राशी, एरवी कशा निमुळत्या, गुळगुळीत चोपलेल्या! त्या खचून परातीच्या बुडाला टेकलेल्या दिसतात. रस्त्यात पायाखाली चुरमुरे चुरचुरतात. आणि गल्लीगल्लीतून एकच काम चालू असते. मागचे देणे फेडण्याचे.

वारकऱ्याला हे कधी दिसत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा वर्षाच्या चार वाऱ्या. त्यातही आषाढी आणि कार्तिकी या दोन पदरात पडल्या तर दुकानदाराचे वर्ष निभावते. म्हणजे आपल्या खरीप-रब्बीसारखेच. आपण जसे पेरणीला बी-खत उधारीवर उचलतो आणि माल विकून फेडतो, तसा इथला छोटा दुकानदार वारीच्या आधी महिना-पंधरा दिवस माल भरतो. कुंकू, बुक्का, माळा, बत्तासे, टाळ, तसबिरी. “वारी झाली की देतो,” एवढ्या शब्दावर हा सगळा माल येतो. कागद नाही, सही नाही. आपला पाऊस आभाळातून येतो, त्यांचा पायी चालत येतो, एवढाच फरक.

आणि हा पाऊस एकदा लागोपाठ सहा वेळा चुकला.

१७ मार्च २०२० रोजी कोरोनामुळे विठ्ठल मंदिराचे दार बंद झाले. त्या वर्षीची चैत्री गेली. १ जुलैच्या आषाढीला मानाच्या पादुका एस.टी. गाड्यांतून आल्या, गावात संचारबंदी होती. नोव्हेंबरची कार्तिकी तशीच. पुढच्या फेब्रुवारीतली माघी तशीच. २०२१ ची चैत्री आणि पुन्हा आषाढीही माणसांवाचून झाली. शेतकऱ्याची लागोपाठ सहा पिके बुडाली तर त्याचे काय होईल, हे तुम्हांला मी सांगायला नको.

माझी नेमणूक त्या काळात त्याच बाजूला होती. नदीकाठच्या एका गावात आमचे एक तात्या आहेत. त्यांची दहा गुंठे तुळस होती. तुळशीची शेती ऐकून कुणाला नवल वाटेल, पण पंढरपूरच्या आसपास ती होते. रोपे लावायची, मान धरली की कोवळे शेंडे खुडायला सुरुवात. खुडले की पुन्हा फुटवा येतो. पहाटे चारला खुडणी, आणि उजाडायच्या आत मोटारसायकलवर गाठोडे बांधून हारवालीच्या पाटीवर. रोजचा पैसा, थोडा पण खणखणीत.

देऊळ बंद झाले आणि तुळस खुडून करायचे काय, हा प्रश्न आला. आठवडाभर तात्यांनी खुडून उकिरड्यावर टाकली. मग खुडणी थांबवली. खुडली नाही की तुळस मंजिऱ्यांवर येते आणि झाड जून होऊन जाते. एप्रिलमध्ये मी बांधावर उभा राहून हिशेब मांडला. तोंडाला रुमाल, दोघांत सहा फूट अंतर. म्हटले, “तात्या, ही काढून टाका. मका घाला. दूध डेरीला जातंय तुमचं, वैरण तरी होईल. देव कधी उघडंल, कुणी सांगावं?”

माझा हिशेब चूक नव्हता. आजही तो चूक होता असे मला वाटत नाही. तात्यांनीही तो मानला, पण पुरा नाही. आठ गुंठे मोडले आणि दोन गुंठे कडेच्या उंचवट्यावर तसेच ठेवले.

“हे कशाला?” मी विचारले.

तात्या जरा अवघडले. म्हणाले, “सायेब, हारवाल्या मावशीची पाचशे रुपये उचल हाय माझ्याकडं. चैत्रीसाठी दिली होती. परत द्यायला आज माझ्याकडं न्हाईत, आन ती मागंना. तिचा फोन आला होता. म्हनली, पैशाचं ऱ्हाऊ दे, दोन सरी तेवढी ठेव. दार उघडंल तवा पयला हार कशाचा करू?”

ती मावशी महाद्वाराकडच्या रस्त्यावर पाटी घेऊन बसणारी. साठीच्या पुढची, विधवा. तिचे रोजचे मिळवणे बंद, आणि ही बाई पाचशे रुपये परत मागायचे सोडून तुळस राखायला सांगते, हे मला तेव्हा खुळेपणाचे वाटले. तसे मी तात्यांना बोललोही.

मोडलेल्या आठ गुंठ्यांची वाळली झाडे चुलीत जायची, ती एका माळकऱ्याने नेली. हा तुळशीच्या लाकडाच्या माळा करणारा कारागीर. वाळलेल्या खोडाचे बारीक तुकडे करायचे, त्यांना भोक पाडायचे, छोट्या चरकावर घासून गोल करायचे, मग ओवायचे. जपाच्या माळेला १०८ मणी. बाजारात दुसऱ्याच कसल्या लाकडाचे मणी तुळस म्हणून स्वस्तात खपतात, त्यापुढे टिकायचे म्हणजे आधीच अवघड. त्याच्याकडे तेव्हा एकही मागणी नव्हती. दिवसा तो द्राक्षबागेत रोजाने जायचा आणि रात्री मणी घासायचा. मी विचारले, गिऱ्हाईक नसताना हे कशासाठी? तर म्हणाला, “हात थांबला की इसरतो, सायेब. पोरगं बी शेजारी बसतं. त्येला काय दाखवू, मोकळा चरक?” तात्यांच्या खोडांचे पैसे त्याने कार्तिकीचा वायदा करून ठेवले. कार्तिकी झालीच नाही. तात्यांनीही मागितले नाहीत.

ऑक्टोबर २०२० मध्ये वरचा पाऊस आणि उजनीचे सोडलेले पाणी यांनी भीमेला पूर आला. काठची पिके गेली. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा तात्यांचा मका लोळला होता आणि तुळशीच्या दोन गुंठ्यांपैकी एक गाळात होते. तुळशीला साचलेले पाणी सोसत नाही, ती काळी पडली होती. उरलेले एक गुंठा हिरवे होते. तात्या त्यातला गाळ हाताने काढत होते. मका सोडून आधी ते! मी काही बोललो नाही. पंचनाम्याच्या कागदात तुळशीला वेगळा रकानाही नव्हता.

महिन्याभराने, १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला मंदिर उघडले. दर्शन मोजक्याच लोकांना, आणि हार-फुले आत नेऊ देत नव्हते. म्हणजे हार घेऊन कुणी करणार काय? तरी मावशी पहाटे पाटी घेऊन बसली. तात्यांनी एवढ्याशा गुंठ्यातून खुडून नेलेल्या तुळशीचे तिने अकरा हार केले होते. नऊ खपले. लोकांनी ते बाहेरच, नामदेव पायरीच्या बाजूला हात जोडून ठेवले. दहावा तिने तात्यांना दिला, घरच्या देवाला. अकराव्याचे काय झाले ते मी विचारले नाही. पण पहिल्या नऊ हारांच्या पैशांतून तिने तात्यांना त्या दिवसाच्या तुळशीचे पैसे देऊ केले, तेव्हा तात्या म्हणाले, “मावशी, आधी तुझी उचल फिटू दे.” ती फिटायला बरेच दिवस लागले. मध्ये पुन्हा मंदिर बंद झाले, ते २०२१ च्या ऑक्टोबरात उघडले. त्या साली नोव्हेंबरात कार्तिकीला माणसे आली, आणि माळकऱ्याने दीड वर्ष रात्री घासलेल्या माळा बाहेर काढल्या. तात्यांचे पैसे त्याने त्या आठवड्यात आणून दिले.

सगळ्यांचे असे झाले असे मात्र समजू नका. मी ज्या दुकानी नेहमी उदबत्ती घेत असे, तिथे आता मोबाइलची दुरुस्ती होते. मालकाने दुकान सोडले आणि तो पुण्याकडे पोराकडे गेला, एवढे कळले. एका तसबिरी मढवणाऱ्याने काचेचा साठा पडत्या भावाने विकला, तो पुन्हा उभा राहिला नाही. फेरीवाल्यांसाठी २०२० साली स्वनिधी योजनेतून दहा हजारांचे कर्ज निघाले, त्याचा काहींना खरोखर आधार झाला. काहींनी ते घ्यायलाही धीर केला नाही. मागचे डोक्यावर असताना नवे कसे घ्यावे, ही भीती आपल्यालाही ठाऊक आहे. तग धरणे हे नुसत्या मनाच्या बळावर होत नाही. कुणीतरी मागणे थांबवावे लागते.

२०२२ ची आषाढी १० जुलैला होती. दोन वर्षांनंतर पायी पालख्या आल्या. काला झाल्यावर मी नेहमीप्रमाणे गेलो. मावशीच्या पाटीवर तात्यांच्याच नव्या लावणीची तुळस होती. गाळातून वाचलेल्या त्या एका गुंठ्याच्या मंजिऱ्यांतून बी धरून त्यांनी रोपे केली होती, शेजारच्या दोघांनाही दिली होती. बी बाजारातही मिळाले असते, हे मी शेतीचा माणूस म्हणून सांगतो. तात्यांना मात्र तसे सांगितले नाही. मावशीने मला ओळखले. म्हणाली, “ह्योच न्हवं, तुळस मोडा म्हननारा सायेब?” आणि हसली. मीही हसलो, पण कान गरम झाले. तिने पुड्यात दोन मंजिऱ्या बांधून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

मग कुंकवाच्या दुकानी बसलो. हे दुकानदार माझ्या चांगल्या ओळखीचे. टाळेबंदीत त्यांनी हातगाडीवर भाजी विकली. एरवी कुंकवाने लाल असणारी बोटे मेथीने हिरवी झाली, असे तेच सांगतात. पण संचारबंदीतही रोज सकाळी फळी उघडून उंबरा झाडायचा आणि दिवा लावायचा हे त्यांनी सोडले नाही. ते वहीतले येणे-देणे बघत होते. सांगलीकडच्या हळदीवाल्याचे शेवटचे हप्ते लाल रेघेने खोडत होते. त्याने दोन वर्षे व्याज लावले नव्हते.

एका पानावर मला काही वेगळेच दिसले. देण्याच्या बाजूला लिहिले होते, “ज्वारी, १ पोते,” आणि पुढे मे २०२० ची तारीख. रकमेची जागा कोरी.

मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले. हिंगोलीकडचे एक शेतकरी कुटुंब त्यांच्या वडिलांच्या काळापासून आषाढीला दुकानाच्या माडीवर उतरते. चार रात्री, दहा-बारा माणसे. भाडे कधी घेतले नाही, त्यांनी कधी विचारले नाही. जाताना शेर-अदपाव बुक्का आणि कुंकू घ्यायचे, एवढाच व्यवहार. त्या मे महिन्यात भुसाराच्या एका ट्रकबरोबर दारात पोते येऊन पडले. वर खडूने नाव. फोनवर म्हातारा एवढेच म्हणाला, “औंदा आमी येत नाही, मंग तुमी खाणार काय?”

“आणि यंदा आले?” मी विचारले.

“आले ना. म्हातारा नाही आला, तो गेला गेल्या साली. मुलगा आला. मी वही काढली, म्हटलं, भाव सांगा, किती लावू? तर तो म्हणतो, आबांनी काही सांगितलं नव्हतं.”

मी म्हटले, “मग खोडून टाका की आता.”

त्यांनी पान तसेच ठेवले. तेवढ्यात एक बाई आली, कडेवर लेकरू. पाच रुपयांचा बुक्का मागितला. ते उठले, वही गल्ल्याखाली सरकवली आणि पुडी बांधू लागले.