उभ्या गाडीची परीक्षा

गेल्या महिन्यात माझं विमान पडलं. लँडिंगसाठी वळवलं, दोन्ही स्टिक जोरात ओढल्या आणि सगळं एकदम मेल्यासारखं झालं. दोनेक सेकंदच, पण तेवढ्यात विमान शेताच्या बांधावर आपटलं. बांधावर शेळ्या घेऊन बसलेला पोरगा दहा पावलांवर होता. तो हसत होता, माझे मात्र पाय थरथरत होते.

सगळ्यांना सांगितलं, "रेडिओने दगा दिला." बॅटरी तर उडवायच्या आधीच बघितली होती ना! चार सेलचा निकेल मेटल हायड्राइड पॅक, मल्टिमीटरवर ५.१ व्होल्ट. एकदम ओके.

रात्री बाबांना हे सांगितलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. म्हणाले, "अरे, उभी गाडी कुठलीही चांगलीच दिसते. चढावर ओढते का बघितलंस?"

झालं! दुसऱ्या दिवशी २ ओहमचा, २५ वॅटचा रेझिस्टर आणून पॅकला लावला. ५.१ चे झाले ३.६! म्हणजे जेमतेम १.८ अँपिअरला दीड व्होल्ट गायब. माझे पाच सर्व्हो एकदम जोर लावताना याहून जास्त करंट ओढतात. व्होल्टेज आणखी खाली गेलं की रिसीव्हर रीस्टार्ट होतो. आपला पीसी होतो तसाच, फक्त हा हवेत! सेल तीन वर्षं जुने आणि वर स्प्रिंगवाला प्लॅस्टिकचा होल्डर. सोल्डर केलेल्या पॅकचे पैसे मीच वाचवले होते.

मग नवा पॅक कुठला? दोन सेलचा लायपो हलका असतो खरा, पण फुल चार्ज झाला की ८.४ व्होल्ट. माझे साधे सर्व्हो ४.८ ते ६ व्होल्टचे, म्हणजे चार किंवा पाच निकेल सेलसाठी. लायपो लावायचा तर मध्ये रेग्युलेटर हवा, म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू. दोन सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट ६.६ व्होल्टचा, तो चालला असता, पण माझ्याकडे त्याचा चार्जर नाही. शेवटी पाच सेलचा, कमी सेल्फ-डिस्चार्जवाला, सोल्डर केलेला निकेल पॅक घेतला. त्याच रेझिस्टरवर ६.६ चे ५.९ झाले. बस्स!

आता दर रविवारी आधी रेझिस्टर, मग विमान. आणि बांधावर कोणी बसलं असेल तर लँडिंग दुसऱ्या बाजूने. तो पोरगा परवा विचारत होता, "दादा, आज पडणार का?"


नाही रे बाबा. निदान बॅटरीमुळे तरी नाही.