कंपनीची टेप

गाडीतल्या गाण्याच्या यंत्राला आमच्या शिरूर-दौंड भागात अजूनही 'टेप'च म्हणतात. कॅसेट गेली, पेन ड्राइव्ह आला, ब्लूटूथ आलं, तरी ड्रायव्हर क्लीनरला म्हणणार, "टेप लाव रे." आणि ती गाडीबरोबर शोरूममधूनच आलेली असेल तर 'कंपनीची टेप'. इंजिन कंपनीचं असलं की कौतुक, टेप कंपनीची असली की कीव, असा हा प्रकार आहे.

माझ्या पुतण्याचा पिकअप आहे. रांजणगाव एमआयडीसीतून माल भरायचा आणि न्हावरे, पारगाव, चौफुला करत कुरकुंभच्या एमआयडीसीत उतरवायचा. येताना दौंडहून काही मिळालं तर ठीक, नाहीतर रिकामी गाडी. दिवसातले सात-आठ तास तो त्या केबिनमध्ये असतो. मागच्या दिवाळीत मला म्हणाला, "नाना, आबांचा आवाज टेपवर लावला की नुसता ढबढब पखवाज ऐकू येतो. आबा काय गातायत तेच कळत नाही."

आबा म्हणजे त्याचे वडील, माझा धाकटा भाऊ. २०१९ साली गेला. गावच्या सप्त्यात तो भजनाला उभा राहायचा, चाल तोच धरायचा. १९९१ च्या सप्त्यात कुणीतरी टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून एक बाजू भरून घेतली होती. तेवढीच. त्याचा आवाज म्हणून घरात दुसरं काही नाही. फोटो मात्र पुष्कळ, आणि बहुतेकांत तो डोळे मिटलेला!

पुतण्याने दौंडात एका दुकानात विचारलं. अॅम्प्लिफायर, सीटमागे वूफर, चार नवे स्पीकर, सगळे मिळून २२ हजार. गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. "तुम्ही सायन्स शिकवायचा ना, बघा की जरा," म्हणाला. वास्तविक मी बी.ए. मराठीवाला. पण खेड्यातल्या शाळेत शिक्षक कमी पडले की मराठीच्या गुरुजीला सायन्सही घ्यावं लागतं. 'ध्वनी' हा धडा मी बारा-तेरा वर्षं घेतला. मुलांना कितपत कळला देव जाणे, मला चांगला पाठ झाला.

पहिली गोष्ट, टेपवर लिहिलेलं '५० वॅट × ४'. चारी स्पीकर मिळून २०० वॅट झाले. पण मागचा फ्यूज काढून पाहिला तर १० अँपिअरचा. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. १४ गुणिले १० म्हणजे १४०. आत १४० वॅट जाऊन बाहेर २०० कसे निघतील? आठवीतला मुलगाही बोट वर करील. तो आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो. सतत मिळतात ते दर स्पीकरला १५ ते २० वॅट. मात्र तेवढ्यात एका केबिनचं भागतं. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो.

(मोठ्या ट्रकचं आणखी वेगळं. त्यात २४ व्होल्ट, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. पुष्कळ जण टेपसाठी त्यातल्या एकीवरूनच वायर ओढतात. मग एक बॅटरी उपाशी, दुसरी तट्ट फुगलेली, आणि दोघी लवकर मरतात. तिथे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच लावावा.)

मग दारं उघडली. आम्ही दोघांनीच, अंगणात, एक रविवार घालवून. घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल घेतला आणि एकेका स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवला. अधिक बाजू अधिकला असेल तर कागदी पडदा बाहेर येतो. उजवीकडचा बाहेर आला, डावीकडचा आत गेला! मागे काच बसवताना कुणीतरी वायरी उलट्या जोडल्या होत्या. एक स्पीकर हवा ढकलतोय त्याच वेळी दुसरा ओढतोय, म्हणजे खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकणार. वायरी फिरवल्या. खर्च शून्य.

दुसरा घोटाळा दाराचाच. स्पीकर पुढे जितका वाजतो तितकाच मागेही वाजतो, पण उलटा. दाराच्या पत्र्याला भोकं असली की मागचा आवाज पुढच्याला येऊन मिळतो आणि खर्ज पुन्हा गायब. १०० हर्ट्झच्या सुराची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तिला हातभर वळसा म्हणजे काहीच नाही. म्हणून प्लायवुडची कडी करून स्पीकर घट्ट बसवला, कडेने फोमची पट्टी लावली, पत्र्याची मोठी भोकं डांबरी शीटने बुजवली. दाराच्या तळाशी असलेली बारीक भोकं मात्र अजिबात बुजवू नयेत. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच जातं, नाहीतर दोन पावसाळ्यांत दार सडेल.

शीट चिकटवताना पुतण्या म्हणाला, "हे पखवाजाला कणीक लावल्यासारखंच झालं की." मला हे सुचलं नव्हतं! पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात ती वजनासाठीच. वजन आलं की कातडं सावकाश हलतं, सूर खाली उतरतो. पत्र्याचंही तेच, शिवाय त्याची थरथरही शीटमध्ये जिरते. धडा शिकवताना हे उदाहरण हाताशी असतं तर काय बहार आली असती. असो.

स्पीकर दोनच बदलले, पुढचे. बॉक्सवरचे वॅट न बघता सेन्सिटिव्हिटी बघितली. ८८ च्या जागी ९१ डेसिबलवाला घेतला की वॅट दुप्पट केल्याचंच काम होतं, आणि तेही फुकट. लाऊडनेसचं बटण बंद केलं. ड्रायव्हर उजव्या दाराला चिकटून बसतो म्हणून बॅलन्स थोडा डावीकडे सरकवला. प्लाय, शीट, स्पीकर धरून तीन हजारांच्या आत सगळं बसलं. आमच्याकडे हंगामात उसाचे ट्रॅक्टर जसे वाजत जातात तसा आवाज मला मुळीच नको होता. मागून कुणी हॉर्न दिला तर पोराला ऐकू यायला पाहिजे.

गाणी सुरेख वाजू लागली. आबा मात्र अजून कांबळ्याआडून गात होता.

म्हणजे दोष आता गाडीत नव्हता. कॅसेट ज्या दुकानात पेन ड्राइव्हवर भरून आणली, तिथेच ती मुकी झाली होती. माझ्याकडचा जुना टेपरेकॉर्डर काढला. त्याच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरकेपणा बदलतो. भरून घेताना हेड जितकं तिरकं होतं तितकंच ऐकताना हवं; केसाएवढा फरक पडला तरी वरचे सूर जातात, आणि शब्द कळतात ते त्या वरच्या सुरांवरच. बारीक पेचकस घेऊन, कॅसेट चालू ठेवून, टाळांकडे कान लावला. टाळ बोथट, बोथट... आणि एकदम खणखणले. तिथे हात थांबवला. मग नातीने वायर लावून सगळी बाजू पुन्हा भरून घेतली.

पेन ड्राइव्ह लावला तेव्हा गाडी अंगणातच होती. दोन अभंगांच्या मध्ये आबा खाकरतो आणि कुणाला तरी म्हणतो, "कंदील अलीकडं घे रं." हे वाक्य आधी कुणालाच ऐकू आलं नव्हतं. आम्ही दोघं काही बोललो नाही.

धाकटी भावजय भाकऱ्या टाकून बाहेर आली. या गाडीत ती कधी बसलेली नव्हती, पायरी उंच म्हणून. लेकाचा हात धरून चढली, सीटवर बसली, पदर नीट केला. मी खाली उभा होतो. ती आतून म्हणाली, "दार ओढून घे रे, आवाज बाहेर जातोय."